पेशीतले हमाल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पेशीच्या आत सामान वाहणाऱ्या प्रथिनांबद्दल वाचकांकडून बरेच प्रश्न आले. निम्म्या पत्रांत एकच शंका होती, म्हणून तीच आधी घेतो.

प्रश्न: अ‍ॅनिमेशनमध्ये एक प्रथिन दोन पायांवर डुलत चालतं आणि मागे भलामोठा फुगा ओढतं. हे खरं आहे की चित्रकाराची करामत?

चालतं हे खरं, डुलत चालतं हे खोटं.

त्या प्रथिनाचं नाव कायनेसिन. त्याला दोन पाय असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘डोकी’ म्हणतात. पायांना डोकी म्हणायची ही खोड कुठून आली, देव जाणे. मधे लांब पिळाचा दांडा आणि दुसऱ्या टोकाला सामान अडकवायची जागा. रस्ता म्हणजे सूक्ष्मनलिका, 25 नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. ती ट्युब्युलिन प्रथिनाच्या जोडविटांची बनलेली असते. एक जोडवीट 8 नॅनोमीटर लांब, आणि सामानही दर पावलाला 8 नॅनोमीटरच सरकतं.

आता एक पाऊल जवळून पाहू. पुढचा पाय विटेवर घट्ट रोवलेला आहे. त्याच्यात एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, रेणू येऊन बसतो. त्यासरशी पायाला जोडलेली एक छोटी पट्टी पुढच्या दिशेने चिकटते आणि मागच्या, सुटलेल्या पायाचं तोंड पुढे होतं. इथवर यंत्रासारखंच आहे. पण यापुढे तो पाय कुणी उचलून पुढे ठेवत नाही. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्याला धक्के देत असतात, आणि त्या धक्काबुक्कीत तो भिरभिरत राहतो. पुढची वीट हाती लागली की पकडतो, बस्स. एटीपी खर्च होतो तो मुख्यतः ‘पुढे पकड, मागे नको’ एवढं ठरवायला. अ‍ॅनिमेशनमधून गाळलेली ही धक्काबुक्की माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग आहे. असली सेकंदाला शंभरेक पावलं पडतात, आणि साधारण तितक्याच पावलांनंतर एकट्या कायनेसिनची पकड सुटते. म्हणून जड सामानाला एकाहून जास्त हमाल लावलेले असतात.

हे सगळं तर्काने मांडलेलं नाही, मोजलेलं आहे. 1985 साली रोनाल्ड वेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी म्हाकुळाच्या जाडजूड चेतातंतूतून कायनेसिन वेगळं काढलं. पुढे इतर शास्त्रज्ञांनी एक सूक्ष्म मणी सामान म्हणून त्याला जोडला आणि तो मणी लेझरच्या चिमट्यात धरला, तेव्हा 1993 साली 8 नॅनोमीटरचे टप्पे आलेखावर पायऱ्यांसारखे उमटले. एक कायनेसिन 6-7 पिकोन्यूटनपर्यंत (हे बलाचं अतिसूक्ष्म एकक) विरोध सोसतो, मग जागीच अडतो.

प्रश्न: पेशी एवढीशी असते. पदार्थ आपोआप पसरत जातील की! हमाल कशाला?

एवढीशी असते तेव्हा पसरतातच. एखादं मध्यम आकाराचं प्रथिन 10 मायक्रोमीटरचं अंतर अशा भटकंतीत पाचेक सेकंदांत कापतं. मेख अशी, की या भटकंतीत अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट लागतो. तुमच्या पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास एक मीटर लांब आहे. हाच हिशेब तिथे लावा: दीड हजार वर्षांहून जास्त! हमालांच्या पाठीवरचा जलद माल दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे अडीच दिवसांत पोच. (वरची सेकंदाला शंभर पावलं धरून गणित केलंत तर दिवसाला जेमतेम 7 सेंटिमीटर निघतील. पण तो वेग काचपट्टीवरच्या नेहमीच्या कायनेसिनचा. चेतापेशीत त्याचे बरेच चपळ भाऊबंद असतात.)

प्रश्न: माल पोचवल्यावर कायनेसिन रिकाम्या हाताने परत येतो का?

चालत येऊ शकत नाही. नळीला दिशा असते आणि नेहमीचा कायनेसिन एकाच दिशेने चालतो, चेतातंतूत बाहेर, टोकाकडे. उलट्या वाटेचा हमाल वेगळा: डायनीन. तो आकाराने बराच मोठा आणि चालीने बेशिस्त. लहानमोठी पावलं टाकतो, कधी बाजूला सरकतो, कधी चक्क मागे. गंमत म्हणजे परतीची पाळी सुरू करण्यासाठी डायनीनला आधी टोकापर्यंत पोचावं लागतं, आणि तिथे त्याला सामान म्हणून वाहून नेतो तो कायनेसिनच.

पाठीवर काही नसलं की कायनेसिन स्वतःला मधोमध दुमडून घेतो. शेपूट पायांवर येतं आणि एटीपीचा खर्च जवळपास थांबतो. रिकामी गाडी चालू ठेवून इंधन जाळण्याचा प्रकार नाही.

प्रश्न: वडिलांना कर्करोगासाठी व्हिनक्रिस्टीन चालू आहे. पायाची बोटं बधिर झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, औषधाचा परिणाम आहे. पण सुरुवात बोटांपासूनच का?

व्हिनक्रिस्टीन ट्युब्युलिनच्या विटा जुळू देत नाही. पेशीचं विभाजन होताना याच नळ्यांची जुळणी लागते, म्हणून कर्करोगाच्या पेशी अडकतात. हाच त्याचा उपयोग. पण चेतातंतूतला रस्ताही त्याच विटांचा आहे. रस्ता उखडला की सगळ्यात आधी अडचण होते ती सगळ्यात लांबच्या टोकाची, आणि शरीरातले सगळ्यात लांब तंतू पायाच्या बोटांना जातात. म्हणून बधिरपणा बहुधा तिथे सुरू होतो, मग वर सरकतो, हाताची बोटंही धरतो.

औषध मनाने बंद करू नका. पण बधिरपणा कुठवर आला, शर्टाची बटणं लावताना अडतं का, चालताना तोल जातो का, हे पुढच्या डोसआधी डॉक्टरांना नक्की सांगा. मात्रा कमी करायची की थांबायचं हे ते त्यावरूनही ठरवतात.