फिशटँकमधील दुधाळ पाणी

प्रश्न : आठवड्यापूर्वी घरी ६० लिटरचा फिशटँक मांडून त्यात ६ गप्पी सोडले. चौथ्या दिवशी पाणी ताक मिसळल्यासारखे पांढरट झाले. सगळे पाणी बदलले, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. काय करावे?

उत्तर : रेती नीट न धुतल्याने आलेला गढूळपणा पहिल्याच दिवशी दिसतो आणि एक-दोन दिवसांत तळाशी बसतो, आपल्याकडचा पांढरेपणा मात्र उरलेल्या खाद्यावर आणि विष्ठेवर झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंचा असावा, आणि तो बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरतो. तेव्हा सगळे पाणी पुन्हा बदलू नये. खरी काळजी विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून तयार होणाऱ्या, माशांना विषारी अशा अमोनियाची आहे, कारण तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ते मरतात, म्हणून स्पंज नळाखाली न धुता टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. खाद्य दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच, म्हणजे अगदी चिमटीच्या टोकावर मावेल एवढे, द्यावे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले किंवा चाचणीत अमोनिया आढळला, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी पाव हिस्सा पाणी काढून क्लोरिनमुक्त पाणी भरावे आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा.