दोन रंगांचं लेबल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बचत गटाच्या मालवणी मसाल्याचं लेबल अडलंय, छपाई दोनच रंगांत आहे आणि काही सुचत नाही, असं तू लिहिलंस. सोबत पिंटरेस्टवरून जमवलेली चित्रंही पाठवलीस. सगळी देखणी आहेत. पण त्या कामांचा मसाला वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. थोडे दिवस ते बघणं बंद कर.

लालबागच्या मिरची गल्लीत जा. एप्रिल-मे महिन्यांत गेलीस तर उत्तम, तेव्हा पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून ठेवायची लगबग असते. फोन पिशवीत राहू दे, वही काढ. बेडगी आणि लवंगी शेजारी ठेवून रेखाट. बेडगी लांब, सुरकुतलेली. ती रंगासाठी घेतात. लवंगी लहानखुरी, ती तिखटासाठी. आपण सगळे लेबलवर जी गुळगुळीत, चकचकीत मिरची काढतो, ती त्या पोत्यांत तुला सापडायची नाही. आणि पोत्यापोत्यातला लाल निराळा असतो, तो डोळ्यांत साठवून घे. मग मसाला कुटायच्या डंकापाशी उभी राहा. कुणाच्या घरी बेडगी किती, लवंगी किती, धणे किती, यावर बायकांचं जे बोलणं चालतं ते ऐक. लेबलवरचा मजकूर तिथेच मिळेल. ‘अस्सल चव’ लिहायची वेळ येणार नाही.

दोन रंगांची तुझी तक्रार मात्र मला पटली नाही. जमलं तर येवल्याला जाऊन पैठणीचा माग बघ. पदरावरच्या मोराची मान लांबून गोल दिसते, जवळ गेलं की पायऱ्या दिसतात. ताणा उभा, बाणा आडवा. वळणदार रेषेला तिथे जागाच नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या भागापुरता जातो, शेजारच्या धाग्यात अडकून मागे फिरतो. म्हणून हातमागावरची पैठणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. विणकरांनी मागाला जमेल असा मोर शोधला, आणि तो इतका मोहक आहे की मी तासन्‌तास बघू शकतो.

पण हे वाचून लेबलवर पैठणीचा मोर चिकटवू नकोस. वारली चित्रांचं आपण तेच केलं. सुवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. त्या चित्रांतली माणसं आता कपांवर आणि उशांवर फिरतात, आणि छापणाऱ्याला त्या देवीचं नावही ठाऊक नसतं. याचं मला फार वाईट वाटतं. घ्यायचंच तर विणकराची विचार करायची रीत घे.

अक्षरांसाठी अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी जाहिरातींसाठी रेखाटलेली नाटकांची नावं बघ. अक्षरांच्या वळणावरून नाटकाचा स्वभाव कळायचा, चित्राची गरज पडायची नाही. शाईचा एक रंग त्यांना पुरायचा. आता ‘मालवणी मसाला’ मोठ्या अक्षरांत लिही. म, ल, व, ण, स, प्रत्येकाला उभा दंड आहे, त्यात काने आणि वेलांटी. डंकाची मुसळं वर-खाली होताना पाहिलीस की या दंडांकडे पुन्हा बघ.

रेखाटनं पेन्सिलचीच पाठव, रंग भरू नकोस. खोडलेली पानंही असू देत, ती मला आधी बघायची आहेत.