लॉबिस्ट आमदार झाला, तर?

प्रश्न : आमची मुलगी सॅक्रामेंटोला असते. तिच्या भागातून कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत निवडून आलेले गृहस्थ आधी तिथंच हॉस्पिटलवाल्यांचे लॉबिस्ट होते. काल त्यांची कामं करून घेणारा आज आमदार, हे कसं चालतं? – एक वाचक, सातारा

उत्तर : चालतं, कारण तिथं लॉबिंग, म्हणजे पैसे घेऊन कुणाच्या वतीनं आमदारांकडे शब्द टाकणं, हा रीतसर नोंदणी केलेला व्यवसाय आहे. मी विधान भवनाची बातमीदारी केली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात काखेत फाइल मारून आमदार निवासाचे जिने झिजवणारे रोज दिसत. ते कुणाच्या वतीनं आलेत, याची नोंद कुठंच नसे. आपल्याकडे अजूनही तसा कायदा नाही.

कॅलिफोर्नियाही एकेकाळी काही सोवळं नव्हतं. आर्टी सॅमिश हा बिअर-दारूवाल्यांचा लॉबिस्ट 1949 साली 'कोलियर्स' मासिकात मांडीवर बोलका बाहुला घेऊन झळकला. बाहुला म्हणजे विधिमंडळ! केवढा हा माज. (पुढं करचुकवेगिरीत तुरुंगात गेला.) 1974 च्या कायद्यानं लॉबिस्टनं आमदाराला द्यायच्या भेटी आणि खाणंपिणं महिन्याला 10 डॉलरवर आणलं. पुढं गव्हर्नर झालेले जेरी ब्राउन त्याचा हिशोब सांगत, दोन हॅम्बर्गर आणि एक कोक.

तुमच्या गृहस्थांची खरी कमाई म्हणजे विधेयक कुठं मरतं, याची माहिती. दीड लाख डॉलरच्या वर खर्चाची विधेयकं असेंब्लीच्या ॲप्रोप्रिएशन्स (खर्च तपासणाऱ्या) समितीत 'सस्पेन्स फाइल'मध्ये, म्हणजे थांबवून ठेवलेल्या गठ्ठ्यात, पडतात. मग एका दिवशी अध्यक्ष भराभर नंबर वाचत सुटतात. 'हेल्ड' (रोखलं) म्हटलं की खेळ खलास, कारण विचारायचं नाही. नवखा आमदार बघतच राहतो. यांनी कुणाला गाठायचं ते आधीच गाठलेलं असतं. मतदार त्यासाठीच निवडतात.

मला त्यांच्या येण्यापेक्षा जाण्याची धास्ती जास्त. दोन्ही सभागृहांत मिळून जास्तीत जास्त 12 वर्षं आमदारकी, त्यानंतर एक वर्ष पगारी लॉबिंगला बंदी, आणि मग रान मोकळं. फ्लोरिडानं हीच बंदी सहा वर्षांची केली, ते मला पटतं.

मुलीला सांगा, 'कॅल-ॲक्सेस' या सरकारी संकेतस्थळावर त्यांचे जुने अशील शोध आणि त्या अशिलांच्या विधेयकांवरची मतं ताडून बघ. मत दिलंच नसेल, तर तेही टिपून ठेव. असेंब्लीत 80 पैकी 41 मतं लागतातच, त्यामुळे नुसतं गप्प बसूनही विधेयक पाडता येतं.