वाड्याच्या तुळया विकण्याआधी त्यांची टोकं बघा

ताई, जुन्या नाशकातला वाडा उतरवताय, १४ सागवानी तुळया निघणार आहेत, जुना माल घेणारा उक्ता भाव सांगून मागे लागलाय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "शंभर वर्षांच्या लाकडात आता काय दम राहिलाय?" नव्या घरात त्या तुळया वापराव्यात का, हा तुमचा प्रश्न. मी याच घोळातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो.

लाकडाचा दम वर्षांनी जात नाही, पाण्याने जातो. आतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी तिथे टिकत नाही. वाड्यात पाणी मुरतं भिंतीत, आणि तुळईची दोन्ही टोकं असतात नेमकी भिंतीत. लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेने बांधलेली बारीक नळ्यांची जुडीच. बाजूने पाणी सावकाश शिरतं, टोकाकडून मात्र सरळ ओढलं जातं. त्यातून वाडा गंगेकाठचा, म्हणजे आपल्या गोदावरीकाठचा असेल तर १९६९ आणि २००८ चे पूरही त्या भिंतींनी पाहिलेत.

आमची पहिली तुळई खाली आली तेव्हा मधोमध हातोडी मारली, खणखणीत वाजली. भिंतीतल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला! बोटांनी ओढलं तर काळपट चौकोनी ढलप्या हातात आल्या. सगळे हताश. सुतार मात्र शांतपणे करवत घेऊन बसला. दोन्हीकडून दीड-दीड फूट कापलं आणि आत घट्ट, चॉकलेटी लाकूड लागलं. रंधा फिरवल्यावर सागवानाचा तो चामड्यासारखा वास अंगणभर. तेव्हा प्रत्येक तुळई टोचून, वाजवून बघा आणि मगच भावाचं बोला.

कडेचा पांढरा भाग मात्र जुना असो की नवा, भरवशाचा नाही. सागवान वाळवीला दाद देत नाही म्हणतात ते गाभ्याबद्दल. पांढरं ती आवडीने खाते. नवं घ्यायला वखारीत गेलात तर हेच बघा. लागवडीचं झाड लवकर तोडतात, त्यामुळे त्यात पांढरं जास्त निघतं. सागवानासाठी नावाजलेल्या म्यानमारने २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपल्याकडे बल्लारपूरच्या मालाला मान आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना तिथलंच सागवान गेलं. भावही त्याच मानाचा असतो म्हणा.

आता वापर. स्लॅबचा भार या तुळयांवर टाकायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. ओसरी, पडवी, माळा यांना हरकत नाही, फक्त तुळई आडवी निजवू नका, उभ्या कडेवर बसवा. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. जुन्या सुतारांना हे गणित न मांडता ठाऊक होतं. आगीची भीती घालणारेही भेटतील. जाड तुळई बाहेरून कोळसा होत जाते आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. उघडं लोखंड तापलं की मऊ पडून वाकतं.

उरलेल्यातून चौकटी आणि दारं काढा. इथे माझी फजिती सांगतो. मागच्या दारासाठी स्वस्तातलं, अर्धवट वाळलेलं लाकूड घेतलं आणि मे महिन्यात बसवलं. फट नखाएवढीही नाही म्हणून सुताराची पाठ थोपटली. जुलैत तेच दार उघडायला खांदा लावावा लागला. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. नाशकात मे आणि जुलैच्या हवेत किती फरक असतो ते वेगळं सांगायला नको. सागवान इतरांपेक्षा कमी हलतं, शिवाय तुमचं तर शंभर पावसाळे बघून स्थिरावलंय. तरी पावसाळ्यापुरती फट सोडाच.

तुळया जमिनीवर टाकू नका. विटांवर, शेडखाली, मधे पट्ट्या घालून थप्पी लावा म्हणजे वारा खेळेल. आणि सॉ मिलला नेण्याआधी एक दिवस एका पोऱ्याला पकड देऊन खिळे उपटायला बसवा. आमच्या एका तुळईत मोडलेला खिळा राहिला, पातं गेलं आणि त्याचे पैसे माझ्याच बिलात लागले.