ऑक्टोबर नाही, ऑगस्ट

ऐरोलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग, मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलात केमो चालू होती. सलाइनचा हात फळीला चिकटपट्टीने बांधलेला. 11 ऑगस्टला पट्टीखाली लाल चट्टा दिसला, दोन दिवसांत तो मधोमध काळा पडला. ‘पट्टीची ॲलर्जी’ म्हणून मलम मिळालं. बायॉप्सी झाली 19 तारखेला, रिपोर्ट 21 ला: म्युकर, म्हणजे काळी बुरशी. मग मेलेली कातडी काढणं, मांडीची कातडी लावणं, आणि 6 ऑक्टोबरला डिस्चार्ज. पुढच्या महिन्यात या सगळ्याला दोन वर्षं होतील. वडील विचारतात, ‘ग्राहक आयोगात तक्रार करायला ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे ना?’

नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. हे कारण डिस्चार्जच्या दिवशी घडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं की इजा लगेच दिसत असेल तर मुदत तेव्हापासून चालू होते, आणि इजा लपलेली असेल तर रास्त काळजी घेऊन ती कळू शकली असती तेव्हापासून. त्या प्रकरणात ऑपरेशनवेळी रुग्णाच्या पोटात गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचा तुकडा, राहिला होता. तरीही दावा मुदतीबाहेर ठरला, कारण वर्षानुवर्षं दुखत असूनही बाईंनी शोध घेतला नव्हता. तुमच्या बाबतीत तर 21 ऑगस्टला छापील रिपोर्टच आला होता. मी मात्र त्याच्याही मागे, 11 तारखेपासून मोजेन. दहा दिवसांसाठी समोरच्या वकिलाला मुद्दा कशाला द्यायचा?

गेले बावीस-तेवीस महिने तुम्ही व्यवस्थापनाला मेल पाठवत राहिलात आणि ‘मीटिंग लावतो’ या उत्तरावर थांबलात. असं करणारे तुम्ही एकटे नाही, महिन्याला दोन-तीन पत्रं हीच कहाणी सांगतात. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली म्हणून ती थांबतही नाही. विलंबमाफीची सोय कायद्यात आहे, पण ‘ते बघतो म्हणाले होते’ हे सबळ कारण ठरेलच असं नाही. मुलगी अज्ञान आहे म्हणून मुदत ती सज्ञान झाल्यावर सुरू होईल, असं कुणी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. मुलीबरोबर आईवडीलही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या निकालापासून पक्कं आहे, आणि तुम्ही दोघं तर सज्ञान आहात.

आता कागद. मूळ फाइल मेडिक्लेमवाल्यांना दिली आणि एक झेरॉक्सही ठेवली नाही, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून चहा घेतला. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, तारखेसह पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे 72 तासांत कागद द्यावे लागतात. त्याच नियमांत कागद जपायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे, हेही लक्षात ठेवा. डिस्चार्ज कार्डवर भागणार नाही. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता आणि पॅथॉलॉजीचे रिपोर्ट हवेत.

कारण खटला उभा राहिला तर 13 ते 19 ऑगस्टवर राहील. अशा मुलांच्या त्वचेवर, विशेषतः सलाइनच्या जागी आणि पट्टीखाली, म्युकर किंवा ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी होऊ शकते हे नवं नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत चिकटपट्ट्यांमुळेच म्युकर पसरला होता. पण नुसती पट्टी म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की बुरशी हवेतूनही येते, हा बचाव येणारच आणि तो पोकळ नाही. म्हणून बघायचं ते एवढंच: पट्टी उघडून जागा कधी कधी तपासली, काळा डाग प्रथम कुणी लिहिला, तुकडा तपासायला सहा दिवस का लागले, आणि मधल्या काळात कोणतं औषध चालू होतं. तक्त्यात नुसतं फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध असेल तर ते म्युकरवर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं आणि कातडी लवकर काढावी लागते. तरी त्या सहा दिवसांनी नेमका किती फरक पडला, हे तज्ज्ञच सांगेल. मी नाही सांगणार.

पोलिसांत जाण्याचा विचार तूर्त सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालापासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि त्या नादात ऑगस्ट निघून जाईल.

हॉस्पिटल मुंबईत असलं तरी कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच, तक्रार करता येते. उपचारासाठी भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. निकाल नोटिशीपासून तीन महिन्यांत, असं कायदा म्हणतो. हे वाक्य लिहिणाऱ्याने आयोगाच्या बाकावर एक दिवस काढलेला नसावा. काही वर्षं धरूनच चाला.

कागद हाती आले नाहीत तरी थांबू नका. आहे त्यावर तक्रार दाखल करा, उरलेले कागद हॉस्पिटलने हजर करावेत असा अर्ज सोबत जोडा. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते. 9 ऑगस्टच्या आत दाखल झाल्याची पावती तुमच्या हातात हवी.