पहिला प्रिंटर घेताय ना? मग आधी शाईचं बघा

अरे, ऑल-इन-वनच (प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स एकातच) घे, आधार-पॅनकार्डच्या झेरॉक्ससाठी दुकानात पळणं तरी वाचेल. पण बॉक्सवरची किंमत बघून हुरळून जाऊ नकोस, बहुतेक नवे लोक इथेच फसतात. मीपण पहिल्यांदा स्वस्तातला कार्ट्रिजवाला (शाईची छोटी डबी बदलावी लागते तो) आणला, मे महिन्यात गावाला गेलो, परत आलो तर काळी शाई वाळलेली आणि नवी काळी-रंगीत जोडी घ्यायची तर निम्मा प्रिंटर आला असता!

तर एवढंच बघ:

- महिन्याला किती पानं? पोरांचे प्रोजेक्ट, वर्कशीट असतील तर सरळ इंक टँकवाला घे, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायची तो. आधी महाग वाटतो, पण बाटलीतली शाई पानामागे खूपच स्वस्त पडते.
- एका बाटलीत किंवा कार्ट्रिजमध्ये किती पानं निघतील याचा कंपनी जो आकडा सांगते तो साधारण ५ टक्के पान भरेल एवढ्या मजकुराचा असतो, फोटो छापलेस तर त्यातलं काही धरू नको.
- वायफाय हवंच, घरात सगळे मोबाईलवरूनच प्रिंट देतात. स्कॅनला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके, म्हणजे स्पष्टता) पुरे, मोठ्या आकड्यांना भुलू नको.

आणि हो, बंद करताना प्रिंटरचंच बटण दाब, थेट बोर्डाचा स्विच नाही, कारण बटणाने बंद केलं की हेड (शाई सोडणारा भाग) आपल्या जागी जाऊन झाकलं जातं, नाहीतर त्याची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, सुकतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढ. छपाईत रेघा आल्या तर आधी प्रिंटरच्या मेनूतलं नोझल चेक (चाचणीचं पान) काढून बघ, उगाच हेड क्लीनिंग मारत बसू नको, त्यातच शाई उडते. फोटो पेपर वगैरे नंतर बघू.