पोर्तुगिजांच्या गोव्यात इंग्रज कंपनीने रेल्वे का बांधली? गोव्याला तिचा फायदा झाला का?

माझं लहानपण वास्कोत गेलं, घरापासून रूळ हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी घरचा वाटतो.

सुरुवात वास्कोला लागूनच असलेल्या मुरगाव बंदरापासून करायला हवी. मांडवीच्या तोंडाशी पावसाळ्यात वाळू साचून जहाजांची वाट अडते, मुरगावला ती अडचण नाही. पोर्तुगिजांनी १६२४ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी धडक दिल्यावर तर राजधानीच मुरगावला हलवायचं ठरलं होतं, पण ते तडीस गेलं नाही. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं एवढं चांगलं बंदर तसंच पडून राहिलं, कारण माल घाटमाथ्यावर होता आणि घाटमाथा दुसऱ्यांच्या ताब्यात, शेवटी इंग्रजांच्या.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ही कोंडी फुटली. लंडनच्या कंपनीने भांडवल उभं केलं, व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली आणि १८८८ मध्ये मुरगाव ते घाटमाथ्यावरचं कॅसलरॉक अशी मीटरगेज गाडी धावू लागली. पण त्याच तहात गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला. पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत राहिले आणि गोव्यातली कितीतरी लहान मिठागरं बंद पडली. पिढ्यान्पिढ्या आपल्याच आगरात मीठ पिकवणाऱ्याला सरकारी परवानगीची वाट बघावी लागली. १८९२ मध्ये तह संपला, पण मोडलेले बांध काही आपोआप उभे राहत नाहीत. गोव्यातल्या रेल्वेचा इतिहास सांगताना लोक दूधसागरचे फोटो दाखवतात, मिठागरांचं नाव कोणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाटाचं काम मात्र थक्क करणारं आहे. घाटाच्या पायथ्याच्या कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आजही गाडीला जादा इंजिनं जोडल्याशिवाय हा घाट चढत नाही.

फायदा झाला का? माझ्या मते, या गाडीने गोव्यात माल आणला त्याहून जास्त गोव्यातली माणसं बाहेर नेली. माझे आजोबा त्यांतलेच, लोंढा-पुणेमार्गे मुंबईला नोकरीला जायचे. कुळ्याला पोर्तुगीज कस्टमवाले ट्रंक उघडायचे, कॅसलरॉकला पलीकडचे. म्हणून आजी आमसुलांची पुरचुंडी आणि सुके बांगडे अगदी वर ठेवायची, तळापर्यंत उपसाउपशी नको म्हणून. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहाच्या सुमारास भारत सरकारने नाकेबंदी केली, सीमेपलीकडची गाडी थांबली आणि आजोबांचं येणंही थांबलं. ते घरी आले ते १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच.

पुढे याच मार्गाचं ब्रॉडगेज झालं. आता बंदरात उतरलेला कोळसा याच रुळांवरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. आईच्या घरी खिडकीची कड सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोट काळं होतं. दुसरा रूळ टाकायचं काम निघालं तेव्हा, २०२० च्या नोव्हेंबरात, दक्षिण गोव्यातल्या चांदरला हजारो माणसं विरोध म्हणून रात्रभर रुळांवर बसून होती. माझी मावशीही त्यांत होती, मेणबत्ती घेऊन.